लहान ठोकळ्यांसाठी करवत

लाकूड जितके लहान तितके ते कापणे सोपे, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो विताएवढ्या काठीतून बोटाएवढे ठोकळे पाडण्याचा उद्योग ज्याने स्वतः केला असेल त्याच्यापाशी फार काळ टिकत नाही. सहा फुटी फळी आपल्या वजनानेच जागेवर बसते, तिच्यावर गुडघा रोवता येतो, आणि करवतीचा हिसका ती निमूटपणे सोसते. उलट दोन इंचांचा ठोकळा पात्याच्या पहिल्याच ओढीबरोबर सरकतो, गर्रकन फिरतो, आणि त्याला आवरण्यासाठी पुढे केलेली बोटे नेमकी पात्याच्या वाटेवर येतात. म्हणून भोवरे, फडताळाच्या मुठी, लेखण्या, सोंगट्या असले जिन्नस घरी करू इच्छिणाऱ्याने करवत निवडताना यंत्राच्या शक्तीची चौकशी मागाहून करावी. तुकडा कापला जात असताना तो कशाने धरला जाणार आहे, याचा खुलासा आधी करून घ्यावा, असे माझे पक्के मत आहे.

माझे बहुतेक लाकूड जुन्या सागवानाचे असते. पुण्यात वाडे पडत गेले आणि त्यांच्या तुळया, चौकटी, कडीपाट वखारींत येऊन पडले. त्यांतले आखूड, चिरलेले, कोणत्याही सुताराने बाजूला सारलेले तुकडे मला पुरतात. वरून काळवंडलेला आणि धुराने माखलेला असा एखादा तुकडा उभा कापला, की आतून मधाच्या रंगाचे, तेलकट, विशिष्ट वासाचे लाकूड निघते, आणि इतक्या वर्षांत त्याला जे आक्रसायचे ते आक्रसून झालेले असल्यामुळे त्याचा ठोकळा पुढे सहसा दगा देत नाही. मात्र या लाकडाच्या पोटात खिळे असतात. ज्याचे डोके केव्हाच गंजून झडले आहे असा खिळा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा चुंबक फिरवल्याखेरीज आणि जिथे लाकडावर निळसर काळा डाग आहे तिथे टोचून पाहिल्याखेरीज करवत लावू नये. शिवाय सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे खिळा न लागताही दातांची धार लवकर जाते. पाते सहज बदलता येणे किंवा धारेला लावता येणे, ही या कामात गौण बाब राहत नाही.

आता नुकसानीचा हिशेब पाहू. आपले सुतार अजून सुताने मोजतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. टेबलावर बसवलेल्या नेहमीच्या दहा इंची गोल पात्याचा काप जवळजवळ एक सूत रुंद पडतो. एक फूट लांबीच्या काठीतून अर्ध्या इंचाच्या चकत्या काढायच्या झाल्या, तर अशा पात्याने १९ चकत्या निघतात, आणि सव्वादोन इंच लाकडाचा निव्वळ भुसा होतो. एक मिलिमीटर रुंदीचा काप घेणाऱ्या पट्ट्याच्या करवतीने त्याच काठीतून २२ चकत्या निघतात. तुळई चिरणाऱ्याला हा फरक नगण्य वाटेल. परंतु शिसवीचा किंवा हेदीचा एकच हातभर तुकडा मुश्किलीने मिळवलेल्या माणसाला त्या तीन चकत्यांचे मोल समजते.

ज्याच्यापाशी जागा नाही, किंवा ज्याच्या शेजाऱ्यांना आवाजाची हरकत आहे, त्याने हातकरवतीचाच विचार करावा, आणि तो दुय्यम समजून करू नये. मात्र ती पाठीवर पितळेची किंवा पोलादाची जाड पट्टी बसवलेली, पातळ पात्याची, इंचाला चौदा-पंधरा दातांची असावी; पट्टीमुळे पाते वळत नाही आणि काप गुण्याला धरून उतरतो. आडव्या कापाच्या दातांना तिरकी कानस मारून सुरीसारखी टोके काढलेली असतात, ती लाकडाच्या तंतूंना दोन्ही अंगांनी छेदतात. उभ्या कापाचे दात सरळ घासलेले, लहान पटाशीसारखे असतात आणि ते तंतू खरवडून काढतात. एकीचे काम दुसरीकडून करून घेता येते, पण ठोकळ्याच्या तोंडाला निघालेल्या कुसांवरून ते लगेच ओळखू येते. जपानी करवती ओढताना कापतात. ओढले जाणारे पाते ताणात असल्याने ते दुमडण्याची धास्ती नसते, म्हणून ते पुष्कळच पातळ ठेवता येते. प्राचीन मिसरमधील तांब्याच्या करवतीही अशाच ओढून चालवीत, कारण तांब्यासारखा मऊ धातू ढकलण्याचा जोर सहन करीत नाही. आजच्या बहुतेक जपानी पात्यांचे दात मात्र इतके कडक केलेले असतात की आपल्या कानशीला ते दाद देत नाहीत, तेव्हा धार गेली की पातेच बदलावे लागते. साधी करवत तीनधारी कानस घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीकडे पुन:पुन्हा नेता येते, आणि अशा मिस्त्रीचा हात पाहणे हे स्वतंत्र शिक्षण आहे. माझी करवत परत देताना असेच एक मिस्त्री म्हणाले, “साहेब, हिला दाबू नका, नुसती चालवा. कापायचं काम तिचं आहे.”

यंत्रांपैकी टेबलावरच्या लहान गोल करवतीचा मोह अनेकांना पडतो, कारण ती सुबक असते आणि तिचा काप रंध्याने साफ केल्यासारखा गुळगुळीत येतो. तरीही ठोकळ्यांच्या कामासाठी तिची शिफारस करताना माझी जीभ अडखळते. फिरत्या पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, पण मागचे दात वर उठत असतात. सुटलेला आखूड तुकडा पाते आणि बाजूची आधारपट्टी यांच्यामध्ये तिरपा होऊन अडकला, तर तेच दात त्याला उचलून कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. शिवाय चार इंची पात्याच्या यंत्रातून इंचभर जाडीच्या पलीकडचे लाकूड क्वचितच एका कापात पार होते.

पट्ट्याच्या करवतीचे सगळे दात खालीच जातात. तुकडा टेबलावर दाबला जातो, मागे फेकला जात नाही, आणि माझ्या लेखी या एका गुणापुढे तिच्या कापाचा खडबडीतपणा क्षम्य ठरतो. या यंत्राची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली तिची सनद घेतली होती. पण पट्ट्याची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची विद्या तेव्हा साधली नव्हती, पाती तुटत, आणि १८४६ साली फ्रान्समध्ये आन पॉलीन क्रेपँ या बाईंनी जोडाची रीत काढून तिची सनद मिळवली, तेव्हा कुठे या यंत्राचा व्यवहारात उपयोग होण्याची तजवीज झाली. आजही पट्टा तुटला तर तो बहुधा जोडावरच तुटतो, म्हणून नवा पट्टा घेताना जोडावरून बोट फिरवून तिथे गाठ लागते का, हे मी आधी पाहतो.

आठ ते दहा इंची चाकांचे यंत्र मेजावर मावते आणि साधारण तीन-चार इंच उंचीचे लाकूड घेते. ठोकळ्यांना याहून अधिक लागत नाही. त्यावर दोन सुतांचा पट्टा चढवावा. हौसेने रुंद पट्टा चढवला तर लहान यंत्राचा सांगाडा त्याला पुरेसा ताण देऊ शकत नाही, आणि लहान चाकांवर वारंवार वाकून तो लवकर थकतो. दातांच्या बाबतीत, निदान तीन दात एका वेळी लाकडात असावेत हा नियम पाळावा. पण जाड लाकडात फार बारीक दातही घेऊ नयेत, कारण दातांमधल्या खाचा भुशाने भरून गेल्या की पट्टा कापणे सोडून नुसता घासू लागतो, लाकूड करपते, आणि काप पोटातून वाकडा जातो. पट्ट्याला आधार देणारी वरची जोडी लाकडाच्या माथ्यापासून दोन सुतांवर आणून ठेवावी. ती चार बोटे वर राहिली तर उत्तम यंत्रही तिरके कापते, आणि दोष यंत्राला लागतो.

गोल फांदी मात्र या करवतीवरही मोकळी ठेवू नये. दात तिला खाली ओढता ओढता फिरवतात, आणि फिरली की पट्टा पिळतो. त्रिकोणी खाच पाडलेली फळी करून तिच्यात फांदी बसवावी व फळीच पुढे सरकवावी. ओल्या फांदीचा गाभा पहिल्याच उभ्या कापात काढून टाकावा, कारण वाळताना चीर तिथूनच फुटते, आणि उरलेल्या ठोकळ्यांच्या दोन्ही तोंडांना मेण लावावे. काठीचे शेवटचे तीन-चार इंच तर बोटांनी धरून कापूच नयेत. टाकाऊ फळीच्या तुकड्याला ते सरसाने चिकटवावेत, रात्रभर वाळू द्यावेत आणि मग फळी धरून कापावेत. एवढा वेळ नसेल तर ते तीन-चार इंच खुशाल टाकून द्यावेत.