चारही चाकांची ताकद

हिवाळा आला, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोड जोरात सुरू होते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. या भागातील बराचसा ऊस नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढतो. येथील काळी जमीन ओली झाली, की फार चिकट होते.

अशा वेळी अवेळी पाऊस पडला, तर उसाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर शेतातच रुततो. इंजिन मोठ्याने घुरघुरते. एक चाक गरगर फिरते, चिखल उडवते आणि अधिकच खोल जाते. दुसरे चाक मात्र जागचे हलत नाही. शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. तोडलेला ऊस लवकर कारखान्यात पोहोचला पाहिजे. उशीर झाला, तर तो वाळतो. त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरही कमी होते.

इंजिनात एवढी ताकद असताना ट्रॅक्टर का अडतो? त्याचे कारण पाहू या.

मुलांनो, तुम्ही चौघे हात धरून एका रांगेत चाला आणि मग वळा. आतल्या मुलाला थोडेच चालावे लागते. बाहेरच्या मुलाला मात्र जवळजवळ पळावे लागते. गाडीच्या चाकांचेही तसेच असते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालते. बैलगाडीची चाके आसाभोवती मोकळी फिरतात, म्हणून तिला अडचण येत नाही. तिला बैल ओढतात. ट्रॅक्टरला मात्र त्याची चाकेच पुढे ढकलतात. म्हणून त्याच्या मागच्या आसात दातेरी चाकांची एक जोडणी बसवलेली असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिच्यामुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात.

डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. रस्त्यावर हे सोयीचे असते. पण चिखलात घसरणारे चाक फिरवायला फारच थोडा जोर पुरतो. मग दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. तेवढ्याने भरलेली ट्रॉली कशी हलणार?

यावर एक उपाय आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत डिफरन्शियल लॉकचे पेडल असते. ते दाबले, की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि घट्ट जमिनीवरचे चाक ट्रॅक्टरला पुढे ढकलते. मात्र वळण्यापूर्वी हे पेडल सोडावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे चारही चाकांना ताकद देणे. १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने जीप गाड्यांची जोडणी सुरू केली. त्या जीपमध्ये अशी सोय होती. तरफ ओढली, की पुढचा आसही इंजिनाला जोडला जाई. चारचाकी ताकदीच्या ट्रॅक्टरातही असेच करतात. मागची चाके घसरली, तरी पुढची चाके ओढतात. डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र पुढचा जोड सोडावा लागतो. कारण वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत. जोड तसाच ठेवला, तर टायर झिजतात आणि दातेरी चाकांवर ताण येतो.

आजच्या अनेक मोटारींत हे काम आपोआप होते. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये तबकड्यांचा क्लच असतो. प्रत्येक चाक किती वेगाने फिरते, हे एक छोटे यंत्र मोजते आणि गाडीतील संगणकाला कळवते. पुढची चाके घसरू लागली, की संगणक तबकड्या एकमेकींवर दाबतो. जितका दाब जास्त, तितकी जास्त ताकद मागच्या आसाकडे जाते. एकच चाक घसरत असेल, तर काही गाड्यांत त्या चाकाला हलकेच ब्रेक लागतो. मग त्याच आसावरील दुसऱ्या चाकाला अधिक जोर मिळतो.

परंतु चारही चाकांखाली निसरडा चिखल असेल, तर हे सारे उपाय थिटे पडतात. चाकाला जमिनीची पकड हवीच. म्हणून रुतलेल्या चाकाखाली आपले शेतकरी उसाचे पाचट आणि दगड टाकतात. चाकाला पकड मिळते, ट्रॅक्टर हळूच पुढे सरकतो आणि ट्रॉली कारखान्याच्या वाटेला लागते.

शब्दार्थ
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
रुतणे – चिखलात अडकणे
पाचट – उसाची वाळलेली पाने
थिटे पडणे – अपुरे पडणे

स्वाध्याय
१. तोडलेला ऊस कारखान्यात लवकर का पोहोचवावा लागतो?
२. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर का चालावे लागते?
३. डांबरी रस्त्यावर पुढच्या आसाचा जोड का सोडतात?
४. 'जीव खालीवर होणे' हा वाक्प्रचार तुमच्या वाक्यात वापरा.