ध्यानाचे प्रकार आणि शाळेतील पाच मिनिटे

प्रार्थनेनंतर मुलांना डोळे मिटून बसविले म्हणजे ध्यान झाले, असा समज पुष्कळ शाळांतून आढळतो. वस्तुतः मनास काही आलंबन द्यावे लागते, आणि आलंबनाप्रमाणे ध्यानाचे प्रकार होतात. नामस्मरणात ते शब्दाचे असते. वारकरी घरातील मुलास हे निराळे शिकवावे लागत नाही. मैत्रीभावनेत सर्वांच्या कल्याणाचे चिंतन असते. आनापानात येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे, तो मुद्दाम लांबवू वा रोखू न देता, नुसते लक्ष द्यावयाचे; प्राणायामाहून ते वेगळे पडते ते येथेच. इगतपुरीस १९७६ पासून होत असलेल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांचा आरंभ याच अभ्यासाने होतो.

चित्त स्थिरावले की श्वास संथ होतो, स्नायू सैल पडतात. प्रौढांत चिंता व रक्तदाब काहीसा उतरल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. मुलांविषयी मात्र बेताने बोलावे. ब्रिटनमध्ये अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांवर विद्यार्थ्यांचा एक मोठा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सरसकट साऱ्या वर्गास दिलेल्या सजगतेच्या पाठांनी त्यांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणाहून अधिक सुधारणा झाली नाही. घरी सराव फार थोड्यांनी केला होता.

तेव्हा पाच मिनिटे पुरेत. दंगेखोर मुलास शिक्षा म्हणून ध्यानास बसवू नये. डोळे मिटताच जे मूल घाबरते, त्यास डोळे उघडे ठेवू द्यावेत व त्याची चौकशी आपुलकीने करावी. फिट येणाऱ्या मुलाचे औषध ध्यानाच्या भरवशावर बंद करावयास कोणी सांगितले असेल, तर शिक्षकाने पालकांस त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे.