विश्लेषण : फरशीवरची फळी ते घरातले वाय-फाय... पेटंट नेमके कशाचे आणि पैसे कुणाला?

घराचे काम काढले की जुन्या फरशीवरच लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेट फळ्या बसवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. सिमेंट नाही, सरस नाही. एक फळी तिरकी धरून दुसरीत घातली आणि खाली दाबली की ‘खट्’ असा आवाज येतो आणि काम झाले. त्याच खोलीच्या कोपऱ्यात वाय-फायचा राउटर लुकलुकत असतो. या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटत नाही. पण पेटंटच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींचे खरे मोल त्यांच्या सांध्यात आहे. फळी फळीत कशी अडकते आणि एक यंत्र दुसऱ्याशी कसे बोलते, यावर ज्याचा हक्क, तो त्या धंद्यातील इतर सगळ्यांकडून पैसे मागू शकतो. हे पैसे कुणी मागितले, कुणी सोडून दिले आणि त्याचा परिणाम काय झाला?

पेटंट हा नेमका कसला सौदा आहे?

पेटंट म्हणजे संशोधक आणि सरकार यांच्यातील करार. संशोधकाने आपली युक्ती कागदावर इतकी स्पष्ट लिहून द्यायची, की त्या क्षेत्रातील जाणकाराला ती वाचून वस्तू बनवता यावी. त्या बदल्यात ठरावीक काळ इतरांना ती वस्तू बनवण्यापासून, विकण्यापासून रोखण्याचा हक्क त्याला मिळतो. भारतासह बहुतेक देशांत ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटंट देशापुरते असते. अमेरिकेत मिळालेले पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही. ज्या ज्या देशात हक्क हवा, तेथे तेथे अर्ज करावा लागतो.

लिनोलियमचे पेटंट आणि नाव दोन्ही कसे गेले?

जमिनीवर अंथरण्याच्या वस्तूंमधील सर्वात गाजलेले जुने पेटंट आहे लिनोलियमचे. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर साय धरावी तसा लवचीक थर जमतो, हे इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांच्या लक्षात आले. हवेतील ऑक्सिजनमुळे तेल घट्ट होते. या थरात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा व राळ मिसळून ते मिश्रण तागाच्या कापडावर दाबले तर धुता-पुसता येणारे, न सरकणारे आच्छादन तयार होते. वॉल्टन यांनी १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी लंडनजवळच्या स्टेन्स येथे कंपनी काढली. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल. त्यावरून नाव ठेवले लिनोलियम.

तेव्हा ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षांची होती. १८७७ मध्ये ती संपताच स्कॉटलंडच्या कर्कॉल्डी येथील मायकल नेर्न यांच्या कंपनीने तेच आच्छादन त्याच नावाने विकायला सुरुवात केली. वॉल्टन यांची कंपनी न्यायालयात गेली. युक्ती खुली झाली असली, तरी नाव आमचेच आहे, असा तिचा दावा होता. १८७८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. ही वस्तू ओळखण्यासाठी लोकांकडे दुसरा शब्दच नव्हता. त्यामुळे ‘लिनोलियम’ हे बनवणाऱ्याचे नाव न राहता वस्तूचेच नाव झाले होते. ते एका कंपनीला देणे म्हणजे संपलेली मक्तेदारी मागच्या दाराने कायमची बहाल करणे ठरले असते. व्यापारी नाव सामान्यनाम झाल्याच्या सुरुवातीच्या खटल्यांत याची गणना होते. त्यानंतर कर्कॉल्डी हे लिनोलियमचे मोठे केंद्र बनले.

खटक्याने बसणाऱ्या फळीवरून वाद का पेटला?

लॅमिनेट फळ्या स्वीडनमधील पेर्स्टॉर्प या कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केल्या. पुढे ‘पेर्गो’ हे त्यांचे नाव झाले. पण सुरुवातीला त्या सरस लावूनच जोडाव्या लागत. सरस वाळेपर्यंत फळ्या आवळून धरायच्या, बाहेर आलेला पुसून काढायचा. म्हणजे कारागीर हवाच. १९९०च्या दशकात स्वीडनच्या वॅलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या दोन कंपन्यांनी सरसाशिवाय अडकणारे सांधे आणले. फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जिभेसारखा भाग ही रचना सुतारांना पूर्वीपासून ठाऊक होती. नवे होते ते खाचेला दिलेले ओठासारखे वळण. त्यामुळे फळी एकदा आत गेली की आडवी ओढूनही निसटत नाही, पण तिरकी उचलली की पुन्हा काढता येते.

ही कल्पना एका फळीपुरती राहिली नाही. सरस न लागणारी फळी ग्राहकाला इतकी सोयीची वाटली, की दुसरी फळी विकणेच अवघड झाले. मग जगभरच्या उत्पादकांसमोर दोनच मार्ग उरले : परवाना घेऊन दर चौरस मीटरमागे पैसे मोजायचे किंवा वेगळा सांधा शोधायचा. दोन्ही कंपन्यांना परवान्यांतून मोठी मिळकत होऊ लागली.

खटलेही झाले आणि ते मिलिमीटरच्या अंशावर लढले गेले. वॅलिंगेचे तंत्र वापरणाऱ्या ॲलॉक कंपनीने अमेरिकेत युनिलिन, पेर्गो आदींविरुद्ध तक्रार केली. २००३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने निकाल दिला तो सांध्यातील बारीकशा मोकळ्या जागेच्या मुद्द्यावर. पेटंटच्या मजकुरानुसार जोडलेल्या फळ्यांत थोडी ‘खेळती’ जागा असणे आवश्यक होते. प्रतिस्पर्ध्यांच्या फळ्यांत ती असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून ॲलॉक हरली. पेटंटमध्ये वस्तू कशी दिसते यापेक्षा शब्द काय लिहिले आहेत याला किती वजन असते, ते यातून दिसते.

२००५ मध्ये युनिलिनने चीन व इतर देशांतील अनेक उत्पादक आणि विक्रेत्यांविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली. जानेवारी २००७ मध्ये आयोगाने सरसकट आयातबंदीचा आदेश दिला. म्हणजे या पेटंटचा भंग करणारी फळी कोणत्याही कारखान्यातली असो, तक्रारीत त्याचे नाव असो वा नसो, ती सीमाशुल्क खात्याने अडवायची. परवाना घेतलेल्या मालाच्या खोक्यांवर तसे चिन्ह येऊ लागले.

इथरनेटचे पेटंट असूनही ते सगळीकडे कसे पोहोचले?

आता राउटरकडे वळू. त्याला जी तार जोडतात, तिच्यामागचे तंत्र म्हणजे इथरनेट. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये त्याची कल्पना मांडली. एकाच तारेवर अनेक संगणक असतील तर त्यांनी बोलायचे कसे? चावडीवरच्या गप्पांसारखे : आधी कान द्यायचा, कुणी बोलत नसेल तर बोलायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचे आणि प्रत्येकाने वेगवेगळा, अनिश्चित काळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. १९७५ मध्ये अर्ज झाला आणि डिसेंबर १९७७ मध्ये मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज, चार्ल्स थॅकर व बटलर लॅम्पसन यांच्या नावे अमेरिकी पेटंट मिळाले.

झेरॉक्सला हे तंत्र स्वतःपुरते ठेवता आले असते. पण जाळे म्हटले की दोन टोके आली. दुसऱ्या टोकाला इतर कंपन्यांची यंत्रे नसतील तर जाळ्याचा उपयोग काय? झेरॉक्सने डिजिटल इक्विपमेंट आणि इंटेल यांच्यासह १९८० मध्ये तांत्रिक तपशील जाहीर केला आणि १,००० डॉलरच्या एकरकमी शुल्कात कुणालाही परवाना देऊ केला. ‘इथरनेट’ या नावावरचा हक्कही सोडला. १९८३ मध्ये ते अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेचे मानक झाले. लिनोलियमचे नाव न्यायालयाने खुले केले. इथरनेटचे नाव मालकाने आपणहून.

त्याच काळात ‘टोकन रिंग’ ही दुसरी पद्धत स्पर्धेत होती. ज्याच्या हाती टोकन, त्यानेच बोलायचे, असा तिचा नियम. आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी तिच्या पाठीशी होती. पण ओलोफ सोडरब्लोम या स्वीडिश अभियंत्याकडे त्यासंबंधीचे पेटंट होते. आयबीएमने त्यांना पैसे दिले आणि इतर उत्पादकांकडेही मागणी झाली. टोकन रिंग मागे पडण्याचे हे एकमेव कारण नव्हे. तिची यंत्रसामग्री मुळातच महाग होती. तरी परवान्याचा भार तिच्या पथ्यावर पडला नाही, एवढे खरे. आज कार्यालयांत, घरांत तार दिसते ती इथरनेटचीच.

वाय-फायचे पैसे ऑस्ट्रेलियाला का मिळाले?

बंद खोलीत रेडिओलहरी भिंती, कपाटे, टेबले यांवर आदळून परततात. एकच संदेश थोड्या थोड्या अंतराने अनेकदा ऐकू येतो आणि गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियाच्या ‘सीएसआयआरओ’ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ’सलिव्हन यांच्या गटाने त्यावर उपाय शोधला. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. अंतराळातून येणारे क्षीण संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याचे गणित त्यांना अवगत होते. संदेशाचे अनेक तुकडे करायचे, ते वेगवेगळ्या वारंवारितांवर एकाच वेळी पण सावकाश पाठवायचे आणि पलीकडे गणिताने पुन्हा जुळवायचे, असा हा उपाय. अमेरिकेत १९९३ मध्ये अर्ज झाला, १९९६ मध्ये पेटंट मिळाले.

पुढे वेगवान वाय-फायच्या मानकांत याच धाटणीचे तंत्र आले. बहुतेक कंपन्यांनी पैसे देण्यास नकार दिला, तेव्हा संस्थेने अमेरिकेत खटले भरले. २००९ मध्ये १४ कंपन्यांशी तडजोड झाली, २०१२ मध्ये आणखी काहींशी. संस्थेला एकूण ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. यावर टीकाही झाली : यातील घटक तंत्रे आधीपासून माहीत होती, असे विरोधकांचे म्हणणे होते. २०१३ मध्ये पेटंटची मुदत संपली. पण तोवर सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा मोबदला सार्वजनिक संस्थेकडे परतला होता.

भारतीय ग्राहकाला याची झळ बसते का?

बसते, फक्त ती दिसत नाही. मोबाइलमध्ये आवाज, डेटा, वाय-फाय यांची मानके असतात आणि त्या मानकांत हजारो पेटंट गुंतलेली असतात. मानक पाळायचे तर ती टाळता येत नाहीत; म्हणून त्यांना ‘मानकासाठी अत्यावश्यक’ पेटंट म्हणतात. अशा पेटंटधारकांनी न्याय्य, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर परवाना द्यावा, असा संकेत आहे. वाजवी म्हणजे किती, हाच वादाचा विषय. स्वीडनची एरिक्सन आणि भारतीय कंपनी लावा यांच्यातील खटल्यात मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने लावाने २४४ कोटी रुपये द्यावेत, असा निकाल दिला. आकारणी आतल्या चिपच्या किमतीवर करायची की संपूर्ण फोनच्या, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. न्यायालयाने फोनची किंमत आधार मानली. हा खर्च उत्पादक शेवटी किमतीत धरतो आणि स्वस्त फोन बनवणाऱ्या कंपनीच्या तुटपुंज्या नफ्यावर त्याचा भार अधिक पडतो.

आपल्याकडच्या संशोधकाने काय लक्षात ठेवावे?

पहिले, आधी अर्ज, मग गाजावाजा. प्रदर्शन, शोधनिबंध किंवा समाजमाध्यमावरील चित्रफितीतून युक्ती जाहीर झाली तर, काही मोजके अपवाद सोडता, तिचे नावीन्य संपते. प्राथमिक अर्ज करून पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. व्यक्ती, नवउद्यमी आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. तपासणीचे आणि दरवर्षीचे शुल्क वेगळे. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

दुसरे, काय कशात बसते ते ओळखावे. गालिच्यावरची नक्षी हे पेटंट नव्हे, ते डिझाइन. त्याची नोंदणी वेगळी. नाव हे ट्रेडमार्क. निव्वळ संगणक प्रणाली किंवा गणिती सूत्राला भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार पेटंट मिळत नाही. मात्र त्यातून ठोस तांत्रिक परिणाम साधत असेल तर विचार होतो. जाळ्यांच्या तंत्रातील अर्ज बहुधा या रेषेवरच अडतात.

तिसरे, इतरांची पेटंट वाचावीत. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य शोधता येतात. मुदत संपलेल्या पेटंटमधील युक्ती कुणीही वापरू शकतो. खटक्याच्या फळीचे सुरुवातीचे सांधे, वाय-फायचे ते ऑस्ट्रेलियन तंत्र, इथरनेटची मूळ पद्धत हे सारे आता खुले आहे. लहान कारखानदारासाठी हा फुकटचा ज्ञानसाठा आहे. मात्र त्यावर नंतर झालेल्या सुधारणांची पेटंट अजून जिवंत असू शकतात, त्यामुळे तारखा आणि देश तपासूनच पाऊल टाकावे.

पेटंट घेतल्यावर दार बंद ठेवायचे की भाडे घेऊन उघडायचे, हा निर्णयही तितकाच महत्त्वाचा. फळीच्या सांध्यावर कडक पहारा ठेवून पैसा झाला, कारण फळी एकाच घरात बसते. शेजाऱ्याच्या फळीशी तिला जुळायचे नसते. जाळ्याचे तसे नाही. तेथे जितके जास्त लोक जोडले जातील तितके मोल वाढते. म्हणून मेटकाफ यांच्या तंत्राचा जगभर झालेला प्रसार हा जितका त्या पेटंटचा विजय, तितकाच ते स्वस्तात खुले करण्याच्या निर्णयाचाही.