रक्तातून कळणारा चारा

गाईच्या पोटात चारा किती गेला हे गव्हाणीत दिसते. अंगी किती लागला हे रक्त सांगते. याच कल्पनेवर इंग्लंडमधील कॉम्प्टन येथे १९७० च्या सुमारास कळपाच्या रक्ततपासणीची पद्धत आकाराला आली. एकट्या गाईवरून निष्कर्ष काढायचा नसतो. भाकड, नुकत्याच व्यालेल्या आणि भर दुधातल्या अशा गटांतून काही जनावरे निवडून त्यांची तुलना करतात.

घनसावंगीसारख्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात जनावरांपुढे वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे पडतात. वाढे हिरवेगार दिसले तरी त्यांत प्रथिने आणि स्फुरद कमी, ऑक्झलेट मात्र भरपूर. हे ऑक्झलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. तरीही रक्तातले कॅल्शियम बहुधा ठीकच दिसते, कारण शरीर हाडांतून काढून ते भरून काढते. इथेच फसगत होते. स्फुरदाचे तसे नाही. आहारातली तूट रक्तात बऱ्यापैकी उमटते. ती फार वाढली की व्यालेल्या म्हशीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीसारखी काळसर लाल होते.

रक्तातला युरिया कमी असेल तर अलीकडच्या आहारात प्रथिने अपुरी. अल्ब्युमिन घटले असेल तर उपासमार जुनी. कीटोन वाढले तर गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते आहे, असे समजावे.

नमुना मानेच्या किंवा शेपटीच्या शिरेतून घ्यावा. दुधाच्या शिरेतून नको, कारण तिथले ग्लुकोज कासेने आधीच उचललेले असते.