फळमाशीच्या अळीतून उलगडलेला गर्भ

क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड, विकासजीवशास्त्रज्ञ. जन्म १९४२, माग्देबुर्ग, जर्मनी.

• हायडेलबर्ग, १९७८ ते १९८१ : एरिक विशाउस यांच्यासोबत फळमाशीच्या हजारो उत्परिवर्तित वाणांची छाननी. अंड्यातच मेलेल्या अळ्या पारदर्शक करून काचपट्टीवर ठेवायच्या. दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेवरच्या बारीक काट्यांचे पट्टे तपासायचे. कुठे पट्टा गायब, कुठे एकाआड एक खंड नाहीसा, कुठे सगळी अळीच काटेरी. हे काम कमालीच्या चिकाटीचे होते.

• १९८० : ‘नेचर’मध्ये शोधनिबंध. शरीराचे खंड पाडणारी १५ जनुके, तीन गटांत. आजवर हजारो संदर्भ.

• १९८८ : वोल्फगांग ड्रिव्हर यांच्यासह ‘बायकॉइड’ प्रथिनाचा उतार दाखवला : डोक्याकडे जास्त, शेपटीकडे कमी.

• १९९५ : विशाउस आणि एडवर्ड लुईस यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल.

• १९९६ : झेब्राफिशवरील मोठी जनुकीय छाननी प्रसिद्ध.

अशा ‘हजारो संदर्भां’चे मोजमाप कसे होते

• संदर्भसंख्या : एखाद्या निबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला.

• एच-निर्देशांक : भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. निर्देशांक ४० म्हणजे प्रत्येकी किमान ४० संदर्भ मिळालेले ४० निबंध.

• इम्पॅक्ट फॅक्टर : हा नियतकालिकाचा असतो, संशोधकाचा नव्हे. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

• आकड्यांत न दिसणारा प्रभाव : अळीत सापडलेल्या ‘टोल’ जनुकाचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवला, हॉफमन यांना २०११ चे नोबेल.