स्वतःच्याच गावी परदेशी

बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्वतंत्र झाला. त्यापूर्वी आपण गोव्याच्या आर्चबिशपांच्या कक्षेत होतो. खानापूर-बेळगावकडील पुष्कळ घरांचे सोयरे घाटाखाली आहेत ते त्यामुळेच. अशा घरांनी जाणून घ्यावी अशी एक हकीगत आज वाचकांपुढे ठेवितो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. पुढील मार्चमध्ये निघालेल्या हुकमान्वये, जे स्वतः अथवा ज्यांचे आईबाप वा आजाआजी २० डिसेंबरपूर्वी तेथे जन्मले होते, ते सर्व भारतीय नागरिक ठरले. जुने नागरिकत्व राखावयाचे असल्यास एका महिन्यात लेखी कळवावयाचे होते. साडेचारशे वर्षांच्या राजवटीनंतर मनुष्याला विचार करावयास ही मुदत फारच तोकडी होती, असे मला वाटते.

मोन्सिग्नोर मोंतेरो, म्हणजे लोकांचे फादर शिकु, यांनी तसे कळविले आणि ते गोव्यातच राहिले. १३ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांचा वास्तव्याचा परवाना संपला. त्यांनी तो वाढवून मागितला नाही. देश सोडण्याचा हुकूमही मानला नाही. परिणामी तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ताब्यात घेतलेल्या मुलखातील रहिवाशांस बळाने बाहेर काढू नये, या जिनीव्हा कराराच्या नियमावर फादरांची भिस्त होती. २६ मार्च १९६९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, गोवा भारतात विलीन होताच लष्करी ताबा संपला व त्याबरोबर ते संरक्षणही संपले. अपील फेटाळले गेले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताचा हक्क कोणाही व्यक्तीस आहे. देशात कोठेही राहण्याचा १९ व्या कलमातील हक्क मात्र नागरिकासच. फादरांना न्यायालयाचे दार उघडे होते, घराचे नव्हते.

ज्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली तो इंग्रजांनी १९४६ साली केलेला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याने त्या मनुष्यावरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. भार तेथेच राहिला.

आजही गोव्यातील कित्येक कुटुंबे परदेशी नोकरीच्या आशेने लिस्बनला जन्मनोंद करवितात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे ९ वे कलम सांगते की, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे संपते. दलाल हे कलम वाचून दाखवीत नाहीत.