सुटलेली पेशी

न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटाच्या कॅन्सरने जात होती, काही तर ऐन विशीत. घराण्याला शाप आहे, असंही बोललं जाई. शेवटी घरच्यांनीच ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांना गाठलं आणि १९९८ साली पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने दोषी जनुक शोधून काढलं: सीडीएच-१.

हे जनुक ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवतं. शेजारशेजारच्या पेशी त्याच्या जोरावर एकमेकींना धरून असतात. आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली, तरी दुसरी काम निभावते. मात्र एखाद्या पेशीत तीही बंद पडली, की पाक बिघडलेल्या लाडवासारखी गत होते. पेशी सुट्या होतात आणि जठराच्या भिंतीत एकेकट्या घुसतात. गाठ अशी होतच नाही, त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीतही हा कॅन्सर हुलकावणी देतो. खरी मेख इथे आहे.

म्हणून दोष सापडलेल्या अनेकांना डॉक्टर धडधाकट जठरच काढून टाकायला सुचवतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात आणि माणूस थोडं थोडं, वारंवार खाऊन जगतो. बी-१२ची इंजेक्शनं मात्र जन्माची.

असा आनुवंशिक प्रकार विरळाच. पोटाच्या बहुतेक कॅन्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा मोठा हात असतो. सीडीएच-१चा दोष असलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचाही धोका असतो, त्यामुळे त्यांची एमआरआय तपासणी दरवर्षी करतात.